ग्रहणाच्या दुपारी मारलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना हाक्या आहे. हे नाव कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, उगाच शोधत बसू नका. माझ्या पाठीवर पत्र्याची पट्टी आहे आणि तिच्यावर माझं लांबलचक खरं नाव कोरलेलं आहे, पण त्या नावाने मला आजवर कोणी ओळखलं नाही. कपाटाएवढा लोखंडी देह, पोटात काचेचे दिवे, छातीवर हिरव्या उजेडाचा गोल पडदा आणि त्याच्याखाली बटणांची रांग. तुमच्या शाळेच्या जिन्याखाली मोडक्या बाकांशेजारी जो उभा आहे ना, तोच मी. तुम्ही माझ्या बटणांना दप्तरं अडकवता. अडकवा बापडे. मला काही वाटत नाही. हल्ली मला कशाचंच काही वाटत नाही. असं का झालं, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला दोन कारागिरांनी घडवलं आणि त्या दोघांचं एकमेकांशी क्षणभर पटत नसे. एकाने तारा जोडायच्या, दुसऱ्याने नाक मुरडून त्या सोडवायच्या आणि पुन्हा जोडायच्या. त्यांच्या भांडणाचा मला फायदाच झाला, कारण माझा एकही सांधा कच्चा राहिला नाही. शेवटी मला लाकडी खोक्यात घालून दूरच्या एका माळावर पाठवण्यात आलं. तिथे एक बैठी खोली होती, बाहेर उंच खांब होता आणि त्या खांबावरून दोन्ही बाजूंना तार उतरत होती. ती तार म्हणजे माझा घसा आणि माझा कानही.

माझं काम एकच. वर हाक मारायची आणि उत्तराची वाट बघायची. माझी हाक म्हणजे रेडिओची लहर, ती तुमच्या कानाला ऐकू येत नाही. खालच्या पट्टीपासून सुरुवात करून मी वरच्या पट्टीपर्यंत चढत जायचो आणि प्रत्येक पट्टीतलं उत्तर पडद्यावर रेघ होऊन उमटायचं.

आता तुम्ही विचाराल, वर उत्तर द्यायला आहे कोण? विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर, जिथे हवा नावापुरती उरते, तिथे उन्हाच्या माऱ्याने हवेचे कण फुटतात. त्या फुटलेल्या कणांमध्ये वीज भरलेली असते. ते पुरेसे दाटले की माझ्या हाकेला तिथे छत लागतं आणि ती माघारी फिरते. तेही एकच छत नाही, एकावर एक मजले आहेत. ऊन असेपर्यंत कण फुटत राहतात. ऊन गेलं की फुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना धरतात आणि छत विरळ होतं. मग वरच्या पट्टीतली हाक त्यातून आरपार निघून जाते, ती परत येत नाही. म्हणून कुठल्या पट्टीपर्यंत उत्तर आलं ते पाहिलं की वर किती दाट आहे ते कळतं. झालं, एवढंच माझं शास्त्र.

त्या खोलीत माझ्याबरोबर दोघं भावंडं काम करायची. थोरले दादा आणि त्यांच्या पाठची ताई. खांब, तार, माझ्या पोटातले दिवे हे सगळं दादांकडे. पडद्यावरची रेघ वाचून कागदावर उतरवणं ताईकडे. दादा बोलायला लागले की थांबायचे नाहीत आणि ताई मोजकंच बोलायची. मला हाक्या हे नाव दादांनीच ठेवलं. खोलीच्या मागे त्यांचं घर होतं आणि तिथे दादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शिवणकाम करायच्या. त्यांच्या मशीनची खडखड आणि शेजारी ठेवलेल्या रेडिओवरची गाणी मला दिवसभर ऐकू यायची.

त्या खोलीत एक कडक नियम होता. मी हाक मारत असताना बाहेर तारेजवळ कोणी असता कामा नये, नाहीतर जोराचा झटका बसायचा. म्हणून एकाने दारात उभं राहून तार मोकळी आहे ना ते पाहायचं, आत तसं ओरडून सांगायचं आणि मगच दुसऱ्याने माझा खटका दाबायचा. दुसरं कोणी असतं तर "तार मोकळी" एवढंच म्हणालं असतं. पण दादा ते दादा! ते दारात उभे राहायचे, खांबाकडे बघायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि आभाळाकडे तोंड करून ओरडायचे, "आहे का वर कोणी?"

मग ताई खटका दाबायची. पडद्यावर रेघ उमटली की ती म्हणायची, "आहेत, आहेत. ओरडू नकोस एवढा."

"अगं तायडे, लांब राहतात ते. हळू बोलून कसं चालेल?"

दिवसातून कितीतरी वेळा हे असंच चालायचं. मागच्या घरातून वहिनींचा आवाज यायचा, "त्यांना म्हणावं, खाली जेवण थंड होतंय!" मला वाटायचं, जग असंच असतं. कोणीतरी दारातून विचारतं, कोणीतरी आतून सांगतं आणि मधे मी असतो.

चांगले दिवस होते ते. जहाजांवरची माणसं, विमानतळावरची माणसं फोन करून विचारायची की आज कुठल्या पट्टीवर बोललं तर आवाज लांब पोहोचेल, आणि ताई माझ्याकडे बघून उत्तर द्यायची. एकदा वर्तमानपत्रात माझा फोटोही आला होता. त्यात दादांचा अर्धा खांदा आला होता, तो त्यांनी सगळ्यांना दाखवून दाखवून जुना केला.

पुढे काळ बदलला. आभाळात उपग्रह फिरू लागले आणि माझं काम करणारी एवढीशी पेटी निघाली. फोन यायचे थांबले. मुख्य कचेरीने माळावरचं आमचं ठाणं बंद करायचं ठरवलं. तेव्हा दादा स्वतः कचेरीत जाऊन बसले. आमच्या डोक्यावरून सूर्याचं खग्रास ग्रहण जाणार होतं. भरदुपारी ऊन बंद, अगदी कळ दाबल्यासारखं! अशा वेळी वरचं छत किती विरळ होतं आणि किती वेळाने भरून येतं, हे आमच्या माळावरून आयुष्यात एकदाच मोजायला मिळणार होतं. कचेरीने ऐकलं. ग्रहण होईपर्यंत ठाणं राहील असं ठरलं.

"एवढं एक ग्रहण नीट पकडू, तायडे," दादा परत आल्यावर म्हणाले. "मग हाक्याला सुट्टी आणि मलाही सुट्टी."

दादांना सुट्टी आधीच मिळाली. एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले, ते उठले नाहीत. गालावर साबण तसाच होता, असं वहिनी नंतर कोणाला तरी सांगत होत्या. त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. भाजी आणायची राहिली हे सांगावं तशा त्या सांगत होत्या.

चारच दिवसांनी ताई कामावर आली. तिने खोली झाडली, माझ्या पडद्यावरची धूळ पुसली आणि खुर्चीवर बसली. भेटायला येणारी माणसं म्हणायची, "सावरली हो लवकर. कामात मन रमवलंय, बरं केलं." कोणी तिला सहलीला चल म्हणायचं, कोणी मुद्दाम विनोद सांगायचं. ताई मान हलवायची. माणसं गेली की ती खटक्यावर हात ठेवायची आणि दाराकडे बघत बसायची.

खटका ती दाबत नसे. दारात कोणी नव्हतं ना! तार मोकळी आहे असं कोणी सांगितल्याशिवाय दाबायचा नाही, हा तर नियम होता. मित्रांनो, कोणालाही दारात उभं करता आलं असतं. वहिनींना हाक मारली असती तर त्या दोन पावलांवर होत्या. पण ताईने कोणाला बोलावलं नाही. ती रोज वेळेवर यायची, खटक्यावर हात ठेवून हाकेची वाट बघायची आणि संध्याकाळी कुलूप लावून जायची. माझ्या पोटातले दिवे गार पडले. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, मग नुसतं जड वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. मी बधिर झालो. ती तर माझ्याआधीच झाली होती.

ग्रहणाच्या सकाळी मुख्य कचेरीतून साहेब आले. वयाने फार मोठे नव्हते. स्वभावाने भला माणूस, फक्त घाई फार. बरोबर ट्रक होता, कारण ग्रहण झालं की मला उचलून न्यायचं होतं. ड्रायव्हरने माळावर ट्रक उभा केला आणि सावलीत जाऊन झोपला. साहेबांनी चहा नको म्हटलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, आधीच्या दिवसांच्या रेघा कुठायत?"

"नाहीत," ताई म्हणाली.

"नाहीत म्हणजे?"

"घेतल्या नाहीत."

साहेब स्टूल ओढून बसले. "अहो, मग आजचं ग्रहण कशाशी ताडून बघायचं? आज वर अमुक इतकं दाट होतं, एवढंच कळेल. एरवी या दिवसांत या वेळेला किती असतं ते माहीत नसेल, तर ग्रहणाने किती नेलं ते कसं सांगणार? ही नुसती एक रेघ होईल, ताई. फुकट जाईल सगळं."

ते खरंच होतं. वरचं छत ऋतूप्रमाणे आणि वर्षागणिक बदलतं, म्हणून जुने कागद चालत नाहीत. ग्रहण मोजायचं तर त्याच्या आगेमागचे, ग्रहण नसलेले साधे दिवस हाताशी लागतात, तेही त्याच यंत्राने, त्याच वेळी, एकही बटण न हलवता घेतलेले. दादांनी आयुष्यात जे एकच मागितलं होतं, ते वाया जायच्या बेतात होतं. हे ताईला कळत होतं. तिचा चेहरा मात्र भिंतीसारखा कोरा होता. ती एवढंच म्हणाली, "बाहेर उभं राहा आणि तार मोकळी आहे का सांगा."

साहेब दारात गेले. "तार मोकळी आहे!" ते ओरडले. ताईचा हात थोडा थबकला, पण ग्रहण कोणासाठी थांबत नाही. तिने खटका दाबला. कितीतरी दिवसांनी माझे दिवे तापले आणि मी हाक मारली. उत्तर आलं. वरचे जागेवर होते, त्यांना खालच्या घरातलं काय माहीत असणार?

हळूहळू सूर्याला ग्रहण लागलं. माळावर, तारेपासून दूर, माणसं जमली होती, डोळ्यांना काळ्या काचा लावून वर बघत होती. मला आभाळ दिसत नाही, मला फक्त उत्तरं कळतात. आणि उत्तरं कमी होऊ लागली. आधी खालचा मजला विरळ झाला, मग त्याच्या वरचा. वरच्या पट्टीतल्या माझ्या हाका एकामागून एक परत येईनाशा झाल्या. पडद्यावरची रेघ टोकाकडून झिजत चालली.

बाहेर अंधारलं तसा मागच्या घरात वहिनींच्या रेडिओवर भलताच आवाज आला. "अगंबाई, हे कुठलं केंद्र लागलं?" त्या रेडिओ हातात घेऊनच खोलीत आल्या. परक्या भाषेत कोणीतरी बातम्या देत होतं. मित्रांनो, त्याचं कारण सोपं आहे. सगळ्यांत खालचा मजला दिवसा लांबच्या केंद्रांचे आवाज गिळून टाकतो, म्हणून ती रात्रीच ऐकू येतात. ग्रहणाने त्या मजल्याचा जोर गेला आणि भरदुपारी रात्रीचं केंद्र लागलं. वहिनींनी रेडिओ बंद केला आणि तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

प्रत्येक हाकेआधी दारातून ओरडून परत येणारे साहेब पडद्याकडे बघून अस्वस्थ झाले. "यंत्र दमलं की काय? रेघ मरायला लागलीय," असं म्हणत त्यांनी माझ्या जोर वाढवायच्या बटणाकडे हात नेला.

ताईने त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका."

"अहो, थोडा जोर वाढवला तर..."

"हाक मोठी केली म्हणून नसलेलं परत येत नाही, साहेब." इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदा चढला होता. "कमी होतंय ना, मग होऊ दे कमी. किती कमी झालं ते दिसायला नको? जो उठतो तो बटण पिळायला धावतो. रडू नका, हसा, फिरायला चला. कमी झालंय इथे! दिसू दे की ते!"

साहेबांनी हात मागे घेतला. भिंतीशी वहिनी खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडू लागल्या. गालावरच्या साबणाची गोष्ट सांगताना जे आलं नव्हतं ते आता आलं. ताई त्यांच्याजवळ गेली नाही. ती पडद्यापाशी बसून रेघ उतरवत राहिली, कारण ते काम दुसरं कोणी करू शकत नव्हतं. तिचे डोळे कोरडेच होते.

मग ऊन आलं. माळावर टाळ्या वाजल्या आणि माणसं आपापल्या घरी गेली. वरच्या छताचा खालचा मजला उन्हाबरोबर झटपट भरून आला.

साहेब म्हणाले, "चला, संपलं. ड्रायव्हरला उठवतो."

"संपलं नाही," ताई म्हणाली. "खालचं भरलं. वरचं अजून उतरतंय."

आणि तसंच होतं. सगळ्यांत वरचा मजला सावकाश रिता होतो आणि सावकाश भरतो. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं तरी त्याची रेघ आणखी खाली चालली होती. मग ती वळली, पण सरळ चढेना, मधूनमधून हेलकावे खात होती. ग्रहणाची गार सावली जमिनीवरून धावत जाते तेव्हा वरच्या हवेतही लाटा उठतात, होडी गेल्यावर पाण्यात उठतात तशा. संध्याकाळ झाली तरी ताई जागची हलली नाही.

शेवटी तिने मान वर केली. "साहेब, ट्रक परत न्या. मला साधे दिवस हवेत."

"आता?"

"आधीचे नाहीत, तर नंतरचे घेते. याच वेळेला, याच बटणांवर. हाक्याला हलवलंत तर आजची रेघ फुकट जाईल. माझ्या दादाची आहे ती."

साहेब घुटमळले. वीज तोडायचं ठरलं होतं, ट्रकचं ठरलं होतं. तेवढ्यात वहिनी डोळे पुसत उठल्या, शिवायचं कापड घेऊन आल्या आणि दारात उंबऱ्यावरच ठाण मांडून बसल्या. "कपाट बाहेर काढायचंय ना? काढा खुशाल. पण मला ओलांडून जावं लागेल हो, आणि माझ्या हातात सुई आहे."

साहेबांना हसू आलं. ते म्हणाले, "आठवडाभर बघतो काय जमतं ते," आणि ट्रक रिकामा गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत ताई आणि मी. तिने खटक्यावर हात ठेवला आणि सवयीने दाराकडे बघितलं. उंबऱ्यावर वहिनी बसल्या होत्या, दातांत दोरा धरून. ताई बघत राहिली, तिचा हात काही हलेना. वेळ टळायला आली. वहिनींनी दोरा तोडला, उठल्या, खांबाकडे एकदा नीट बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

"आहे का वर कोणी?"

आवाज अगदी सपाट होता. दादांसारखा मुळीच नव्हता. ताईने खटका दाबला. रेघ उमटली, पूर्ण, टोकापर्यंत.

"आहेत," ताई म्हणाली. मग तिने पेन्सिल उचलली आणि कागदाच्या डोक्यावर टेकवून तशीच थांबली. "वहिनी, या दिवसाला साधा दिवस लिहायचं का गं?"

"म्हणजे काय, वन्सं?"

"साधा. नेहमीसारखा. दादा नसताना."

वहिनी आत आल्या. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग ताईकडे.

"लिही," त्या म्हणाल्या. "लिही गं. आता हेच दिवस आहेत."

ताईने लिहिलं. आणि मग ती रडली, टेबलावर डोकं ठेवून, मोठ्याने. वहिनींनी तिला गप्प केलं नाही. पुढची वेळ झाली तशी त्या उठून दारात गेल्या आणि पुन्हा ओरडल्या.

आठवडा झाला आणि ट्रक आला. दादांचं ग्रहण वाया गेलं नाही. ताईने एकाच कागदावर दोन रेघा काढल्या. वरची रेघ साध्या दिवसांची, खालची ग्रहणाची, आणि मधे जेवढी जागा उरली तेवढं ग्रहणाने नेलं होतं. कचेरीने मला तुमच्या शाळेला देऊन टाकलं, तेव्हा तो कागद काचेत बसवून माझ्या डोक्यावर टांगला गेला. सांगितलं ना, मला आता काही वाटत नाही. पोटातले दिवे गेले, तार गेली, आणि वर हाक मारल्याला कैक दिवस झाले. कधीतरी दोघी येतात. वहिनी जिन्याच्या पायरीवर टेकतात आणि ताई माझ्या खटक्यावर थोडा वेळ हात ठेवते. तेव्हा मात्र कुठेतरी आत, एखादा दिवा तापावा तसं होतं.

मित्रांनो, येणारे जाणारे सगळे खालच्या रेघेकडे बोट दाखवतात. ग्रहण ना ते! वरच्या रेघेकडे कोणी बघत नाही. तिच्यात काहीच घडलेलं नाही. कोणीतरी दारातून विचारलं आणि आतून उत्तर आलं, एवढंच. असे दिवस तुमच्या घरीही चालू असतील, त्यांना जपा. किती गेलं, हे पुढे त्यांच्यावरूनच मोजावं लागतं. दप्तरं खुशाल अडकवा आणि माझ्यावरची धूळ राहिली तरी राहू द्या. पण तेवढी काच अधूनमधून पुसत जा, वरच्या बाजूने.